घरी बनविलेल्या विद्युत् गिटारमधील ‘ग्राउंड’ : तारजोडणी, गुणगुण आणि सुरक्षितता

प्रस्तावना :

इ. स. १९६३ मध्ये इंग्लंडमधील ब्रायन मे या शाळकरी मुलाने अभियंता असलेल्या वडिलांच्या साहाय्याने घरीच विद्युत् गिटार बनवावयास घेतली. तिच्या दांडीसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले गेले. पुढे ‘क्वीन’ या वाद्यवृंदातून ती ‘रेड स्पेशल’ या नावाने गाजली. (या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे शालेय शिक्षण पाचगणीस झाले होते.) या गिटारच्या लाकडाचे कौतुक पुष्कळ होते, आतील तारजोडणीकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. वास्तविक हौशी कारागिराची खरी परीक्षा तेथेच होते. प्रस्तुत लेखात या तारजोडणीतील ‘ग्राउंड’ या संकल्पनेचे विवेचन केले आहे.

गुणगुणीचे दोन उगम :

गिटारचे पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅरेडेने १८३१ मध्ये दाखविलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने कुंडलात अल्प विभवांतर निर्माण होते. परंतु हेच कुंडल जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे ५० हर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्रही तितक्याच निष्ठेने टिपते. हा झाला पहिला उगम. दुसरा उगम विद्युतक्षेत्राचा. भिंतीतील तारांचे क्षेत्र वादकाच्या शरीरावर आणि तेथून उघड्या तारांवर प्रभाव टाकते.

या दोहोंत गल्लत झाल्याने पुष्कळ श्रम वाया जातात. गिटारच्या पोकळीस तांब्याचा पातळ पत्रा लावून तो ग्राउंडला जोडल्यास दुसरा उगम बव्हंशी आवरतो. पहिल्यावर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. पहिल्यावरील उपाय म्हणजे उलट ध्रुवीयतेची व उलट वेढ्यांची दोन कुंडले एकत्र जोडणे. सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीसाठी १९५५ मध्ये ज्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याचे तत्त्व हेच होय.

जोडणीचे स्वरूप :

सर्वसाधारण गिटारमध्ये पिकअपचे एक टोक स्विच व व्हॉल्यूम कंट्रोलमधून जॅकच्या टोकाशी जाते. दुसरे टोक, कंट्रोलची धातूची आवरणे, पोकळीतील पत्रा आणि ब्रिजखालून आलेली तार ही सर्व एकत्र होऊन जॅकच्या बाह्य भागास मिळतात. हा समाईक वाहक म्हणजेच ‘ग्राउंड’. तो जमिनीत जात नाही. परिपथातील शून्य विभव मोजण्याचा तो केवळ संदर्भ होय. गिटारच्या आत ‘ग्राउंड लूप’ होईल या भीतीने काही जण फार तारांबळ करतात. परंतु तेथील वेढ्याचे क्षेत्रफळ इतके लहान असते की, गुणगुणीचे कारण बहुधा अर्धवट तापलेल्या कंट्रोलच्या पाठीवरील कच्चे सोल्डरिंगच निघते.

‘रेड स्पेशल’मध्ये तीन पिकअप एकसर जोडलेले असून प्रत्येकास चालू-बंद करण्याचा आणि कला उलटविण्याचा स्वतंत्र स्विच आहे. अशा जोडणीत कुंडलाचे कोणतेही टोक कायमचे ग्राउंडला नसते. म्हणून पिकअपचे धातूचे आवरण कुंडलाच्या टोकाशी जोडलेले असेल, तर ते सोडवून त्यास ग्राउंडची वेगळी तार द्यावी लागते. अन्यथा कला उलटविताच आवरण संकेताच्या बाजूस येते आणि गुणगुण वाढते.

ब्रिजची तार :

तारांना हात लावताच गुणगुण कमी होते. त्यावरून ‘वादकाचे शरीर गिटारला अर्थिंग देते’ असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. ब्रिजच्या तारेमुळे शरीरच परिपथाच्या शून्य विभवाशी बांधले जाते. हात लावल्यावर गुणगुण उलट वाढली, तर जॅकवरील दोन तारांची अदलाबदल झाली आहे का, हे प्रथम पाहावे.

मात्र हीच तार केबलमधून अॅम्प्लिफायरच्या चॅसीशी आणि चॅसी तीन-पिन प्लगमधून खऱ्या अर्थिंगशी जोडलेली असते. अर्थिंग तुटलेले असून चॅसीवर फेज उतरला, तर गिटारच्या तारांवर २३० व्होल्ट येऊ शकतात. दोषी उपकरण नेहमी गिटारच्याच बाजूचे असते असेही नाही. ३ मे १९७२ रोजी स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन मंचावरच मृत्यू पावला.

काही कारागीर ब्रिजच्या तारेत कपॅसिटर घालतात. ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्‌झला सुमारे ३२ लाख ओहमचा अडथळा करतो; त्यामुळे २३० व्होल्टला प्रवाह ०.०७ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. उपाय चांगला, पण अपुरा आहे. कारण जॅक आणि धातूची कंट्रोल-पट्टी यांचा ग्राउंडशी थेट संबंध कायम राहतो, शिवाय कपॅसिटरचे व्होल्टेज-मान पुरेसे हवे. गणेशोत्सवाच्या मंडपातील किंवा महाविद्यालयीन स्नेहसंमेलनातील तात्पुरत्या वायरिंगवर, गुणगुण घालविण्यासाठी प्लगची अर्थ-पिन काढून टाकण्याची युक्ती तर सर्वथा त्याज्य होय. अशा मंचाच्या पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा आणि वादकाने तारांना व मायक्रोफोनला एकाच वेळी हात लावण्यापूर्वी त्या दोहोंमधील व्होल्टेज मल्टिमीटरने मोजून पाहावे.