आम्ही हात का जोडत नाही?



या पानावर आमच्याकडून बेणे प्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त, पाचट कुजविणे किंवा खोडव्याची निगा यांवर मजकूर यावा अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. परंतु गेल्या हंगामात मोळी पूजनाच्या दिवशी एक गोष्ट घडली. गव्हाणीपाशी नारळ फुटला, सर्वांनी हात जोडले, आम्ही नेहमीप्रमाणे मागच्या बाजूस नुसते उभे होतो. तेवढ्यात एका वयस्क सभासदांनी मागे वळून मोठ्याने विचारले, "सायेब, तुमचं आन् देवाचं काय वाकडं हाय का?" लोक हसले. आम्हीही हसलो व वेळ मारून नेली. पुढे गटवार शेतकरी मेळावे झाले, त्यांत तीन गावी हाच प्रश्न आला. ठिबक सिंचनावर आम्ही पाऊण तास बोललो तेव्हा जांभया देणारी मंडळी या प्रश्नाला सावरून बसली. तेव्हा संपादकांच्या परवानगीने यावेळी ऊस थोडा बाजूला ठेवीत आहोत. अगदीच बाजूला राहील असे वाटत नाही.

आधी सरळ सांगून टाकतो. आम्ही देव मानीत नाही. कोणी छळले म्हणून नव्हे, नवस फळला नाही म्हणूनही नव्हे. कृषी पदविकेला असताना भगतसिंगांनी १९३० साली लाहोरच्या तुरुंगात लिहिलेला नास्तिकतेवरचा निबंध हाती आला. मनात जे आधीपासून होते त्याला नाव मिळाले, इतकेच. घरात देव्हारा आहे, सौ. रोज दिवा लावतात, त्यात आम्ही कधी ढवळाढवळ केलेली नाही.

'नास्तिक' हा शब्द मोठा फसवा आहे. जुन्या दर्शनकारांच्या लेखी वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. त्यामुळे जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्यही तेव्हा आस्तिकांत बसले, आणि जैन व बौद्ध नास्तिकांत गेले. आज देव न मानणाऱ्यास नास्तिक म्हणतात, तो आम्हांस लागू आहे. मात्र आपल्या ऊस यार्डात या शब्दाला तिसराच अर्थ आहे. ज्याला कशाचाच धाक नाही, जो शब्दाला जागणार नाही, काट्यावर ज्याचा भरवसा धरता येणार नाही, असा मनुष्य. आमची तक्रार असलीच तर या तिसऱ्या अर्थाबद्दल आहे.

कित्येक जण आम्हांला सत्यशोधक समजतात, कित्येक अंधश्रद्धा निर्मूलनवाले समजतात. दोन्ही नावे मानाची आहेत, पण हिशेब चोख असावा. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला, तो देव आणि माणूस यांच्यामधला दलाल काढून टाकण्यासाठी. खुद्द फुले एका निर्मिकाला मानीत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली, तिचाही झगडा देवाच्या नावावर चालणाऱ्या लुबाडणुकीशी होता, देव मानणाऱ्याशी नव्हता. आमची पंगत याहून लहान. २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवून घेणारे साऱ्या देशात सुमारे ३३ हजार भरले. दोन मोठ्या कारखान्यांचे सभासद एकत्र केले तर तेवढे व्हावेत. खरा आकडा अधिक असणार, कारण आमच्याच घरी गणनेचे गुरुजी आले तेव्हा सौं.नी "हिंदू लिहा" म्हणून सांगितले आणि आम्ही गप्प बसलो.

बरे, साखर कारखाना हे काही नास्तिकाने नोकरी धरण्याचे ठिकाण नव्हे. पावसाळ्यात मिल रोलरचे पूजन. पुढे बॉयलरचे अग्निप्रदीपन, त्या दिवशी सत्यनारायण. मग काटा पूजन, मोळी पूजन, पहिल्या साखर पोत्यांचे पूजन. खंडेनवमीला वर्कशॉपातले पाने-हातोडे कुंकू लावून मांडलेले, दिवाळीत अकाउंट खात्यात लक्ष्मीपूजन. एवढ्या सगळ्यांत आम्ही हजर असतो, मांडव घालण्यापासून खुर्च्या उचलण्यापर्यंत कामाला असतो, आणि प्रसादाचा शिरा दोनदा घेतो. फक्त हात जोडत नाही. आमच्याबरोबर मागे उभे राहणारे आणखी दोघे-तिघे आहेत. वेल्डिंगचे एक मुसलमान मिस्त्री त्यांतले. पण त्यांना कोणी विचारीत नाही, त्यांचा धर्म निराळा एवढे कारण लोकांना पुरते. आमच्याजवळ तेही कारण नाही. दुसरा देव असला तर चालतो, एकही नसला की माणसे अस्वस्थ होतात, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही कारखान्यात हंगामी म्हणून लागलो ते २००२ साली. त्याच जुलैत सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला व पाहता पाहता आपल्या शिवारात आला. जुन्या सभासदांना आठवत असेल, पानाच्या खालून पांढरी लोकर, वरून चिकटा, आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी चढून फड कोळशासारखा. पोटात गोळा आला होता सर्वांच्या. लोक पंप पाठीवर घेऊन दिसेल ते औषध मारीत होते. एका गावात बायांनी माव्याची पाने टोपलीत घालून मरीआईला नेऊन वाहिली. पुढे काही आठवड्यांनी त्याच गावच्या फडात माव्यावर जगणारी डिफाची अळी दिसू लागली. लोक म्हणाले, देवीनं किडा धाडला. आम्ही तेव्हा नवखे, अंगात पदविकेची रग. मित्रकीटक म्हणजे काय, तो कसा वाढतो, यावर बांधावरच व्याख्यान सुरू केले. तेव्हा आमच्या खात्यातले एक स्लिप बॉय, ज्यांना आम्ही सर्व जण तात्या म्हणतो, त्यांनी आमचा दंड धरून बाजूस घेतले. "किडा कुनी का धाडंना सायेब. औषिध मारायचं थांबवायचं का न्हाई, त्येवडं सांगा आदी." औषध मारले तर माव्याबरोबर अळीही मरते, तेव्हा थांबविणे हेच योग्य होते. आम्ही तसे सांगितले. देवीचा किडा मारू नका, असे तात्यांनी आपल्या भाषेत सांगितले. पंप थांबले ते कोणाच्या सांगण्याने, हे आम्ही लिहिण्याची गरज नाही.

हे तात्या माळकरी. आमच्याहून दहा-बारा वर्षांनी वडील. दर आषाढात लोणंदला माउलींच्या पालखीत सामील होतात ते पंढरपूरला पोहोचूनच परततात.

२००९ साली सत्यनारायणाला सपत्नीक बसण्याचा मान शेती खात्याकडे आला व आमचे नाव निघाले. त्या वेळी आमच्या बढतीचा कागद वर पडून होता. नकार द्यावा असे मनात फार आले, पण कागद डोळ्यांपुढे येई. बसलो. कथा चालू असता आमचे चित्त दुसऱ्या दिवशीच्या तोडणीच्या चिठ्ठ्यांत. भटजींना तीनदा सांगावे लागले, "साहेब, पळीभर पाणी सोडा." सर्वांनी कौतुक केले, सौ. खुशीत होत्या. सायंकाळी तात्या गट ऑफिसात आले आणि दार लोटून म्हणाले, "रागावू नगा, पर बोलल्याबिगर ऱ्हावत न्हाई. आज तुमी बसला ते मनापास्नं न्हवं."

आम्ही विचारले, तुम्हांला कसे कळले?

"आमी काय आंधळं हाय? मनात नसंल तर नगा बसू. कोन तुमाला फाशी द्येनार न्हाई. ती आमची पूजा हाय सायेब, मस्टरवरची सही न्हवं."

आजवर आम्हांला अनेकांनी देव पटवून देण्याचा प्रयत्न केला, पण इतके लाजविले कोणी नाही. देव न मानणे हा आमचा प्रश्न होता. दुसऱ्याच्या देवापुढे बढतीसाठी बसणे ही लबाडी होती, आणि ती एका वारकऱ्याने पकडली.

अकाउंट खात्यातल्या एका कारकुनाशी आमचा दर शनिवारी कँटीनमध्ये पत्रिका आणि ग्रह यांवर वाद चाले. आजूबाजूचे टेबल त्यात भाग घेई. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घालून मारले. त्या दिवशी हा गृहस्थ स्वतःच्या पैशाने चहा घेऊन आला, समोर बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "साहेब, रात्रीचे एकटे जात जाऊ नका." पुढे कितीतरी महिने त्याने पत्रिकेचा विषय काढला नाही. आम्हांला भीतीपेक्षा त्या गप्प शनिवारांचाच त्रास अधिक झाला. दोनेक वर्षांनी त्याने आपल्या मुलीची पत्रिका पुढे टाकून "बोला आता" म्हटले, तेव्हा कुठे हायसे वाटले.

२०१७ साली मान पुन्हा आमच्याकडे आला. यावेळी आम्ही कार्यकारी संचालकांना लेखी कळविले की, त्या दिवशी सांगाल ते काम करू, पूजेला बसणार नाही. एक युनियनचे पुढारी धावत आले व मुंबई उच्च न्यायालयाने नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाबतीत २०१३ साली दिलेल्या निकालाचे कात्रण दाखवू लागले. प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती शिक्षकावर करता येणार नाही, असा तो निकाल. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदातले सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देव न मानणाऱ्यालाही आहेच. पण कात्रणाची गरज पडली नाही. साहेबांनी कागद वाचला, "बरं" म्हणाले, मान चीफ केमिस्टांकडे गेला.

गरज पडली ती घरी, आणि तेथे उच्च न्यायालयाचा उपयोग नव्हता. सौ. म्हणाल्या, "मान दोघांना आलेला. नकार एकट्याने दिलात. मला विचारलंत?" विचारले नव्हते. आपल्या मताला जपताना त्यांच्या मताला आम्ही धरलेच नव्हते. २००९ साली पूजेसाठी घेतलेली हिरवी साडी त्यांनी त्या दिवशी नेसून, बायकांच्या रांगेत बसून कथा ऐकली. या प्रश्नाला उत्तर आमच्याजवळ आजही नाही.

आणि त्याच हंगामाच्या बाराव्या रात्री तिसऱ्या मिलच्या वरच्या रोलरचा शाफ्ट तुटला.

गाळप बंद. यार्डात बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक दाटलेले. टोळ्यांना तोड थांबविण्याचे निरोप गेले, पण जो तुटला होता तो तुटला होता. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला पाहिजे, नाहीतर वजनही घटते आणि उताराही, हे आम्हीच गावोगाव सांगत आलो. दुसऱ्या दिवशी दुपारपासून कुजबूज कानावर आली. तिसऱ्या दिवशी सकाळी एक सभासद ट्रॉलीवरून खाली उतरून सरळ आमच्या अंगावर आले. "पूजेला न्हाई म्हनला तुमी, आन् वाळतोय माजा ऊस!" त्यांच्या ट्रॉलीत त्यांचे वर्ष होते. आम्ही त्यांना काय शास्त्र सांगणार? भोवती पन्नास-साठ माणसे, कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना. आमची तेव्हाची पंधरा वर्षांची नोकरी त्या एका वाक्यावर तोलली जात होती.

तेवढ्यात आमचे मिल फोरमन आले. शनिवारचा कडक उपवास करणारे, कपाळी शेंदूर. आषाढात त्याच रोलरची पूजा त्यांच्या हातून झालेली. ते म्हणाले, "चला, शाफ्ट दाखवतो." दहा-बारा जण आत गेले. तुटलेल्या तोंडाचा एका बाजूचा भाग काळपट, गंजका होता. उरलेला नव्या नाण्यासारखा चकचकीत. फोरमन बोट ठेवून म्हणाले, "हा काळा भाग आत्ताचा नाही. तडा जुना आहे. चकाकतंय तेवढं परवा तुटलं. साहेब बसले असते तरी हा तुटलाच असता. चूक झाली ती आमची. मी याला कुंकू लावलं, पण तपासून घेतलं नाही." एवढे बोलून ते कामाला लागले. आपल्या खात्याची चूक सर्वांसमोर कबूल करण्याची त्यांना काही गरज नव्हती. गप्प राहिले असते तर दोष आयता आमच्यावर होता. पुढल्या वर्षापासून रोलर पूजनाच्या आधी सर्व शाफ्टांची अल्ट्रासॉनिक तपासणी होते, मग हळद-कुंकू. फोरमन दोन्ही सारख्याच मन लावून करतात.

अंगावर आलेले ते सभासद नंतर गट ऑफिसात आले होते. माफी वगैरे काही मागितली नाही. को ८६०३२ चे बेणे कोठे मिळेल, एवढे विचारून गेले. आम्ही पत्ता दिला.

यंदा तात्यांची नोकरीतली शेवटची वारी आहे. गेली कित्येक वर्षे त्या दिवसांत त्यांच्या गटाचे काम आम्ही पाहतो आणि सत्यनारायणाच्या वेळी फाटकावरची आमची गाड्यांची हजेरीवही तात्या सांभाळतात. म्हणजे कथा त्यांचीही बुडते. "माजी कथा पंढरपुरात हुती," असे त्यांचे म्हणणे. तरी त्यांच्या गटातील सभासदांनी पालखी लोणंदला आल्यापासून आषाढी एकादशीपर्यंत आडसाली लागणीच्या नोंदी आमच्याकडे द्याव्यात. सात-बाराचा चालू उतारा सोबत आणावा. मोबाईलवर नोंद करावयाची असल्यास गट नंबर तपासून घ्यावा; गेल्या वर्षी अकरा जणांचे चुकले होते.