थेंबांचा हिशेब

मोरचुदाचे स्फटिक शाळेतही करता येतात. गरम पाण्यात मोरचूद विरघळवायचं, दोरा सोडायचा आणि दोन-चार दिवस भांड्याला हात लावायचा नाही. प्रथिनं इतकी सरळ नसतात. त्यांचा रेणू मोठा, लवचिक आणि नाजूक. तो कोणत्या क्षारात, किती पीएचला, कोणत्या तापमानाला शिस्तीत रांग धरेल, हे आधी सांगणारं सूत्र अजून सापडलेलं नाही. क्ष-किरणांनी रचना काढायची तर स्फटिक हवाच.

म्हणून चाचपणी शेकड्यानं करावी लागते. पूर्वी जिथे यश आलं होतं अशा कृतींतून 50 द्रावणं निवडून यान्कारिक आणि किम यांनी 1991 मध्ये एक संच सुचवला. आता असे संच तयार मिळतात, बहुतेक 96 द्रावणांचे, कारण प्लेटलाही 96 खाचा असतात. हातानं पिपेट चालवताना प्रत्येक थेंबात साधारण एक मायक्रोलिटर प्रथिन जातं. मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम असं द्रावण धरलं, तर एका प्लेटला जवळजवळ एक मिलिग्रॅम खर्ची पडतं. जीवाणू वाढवून, फोडून, कॉलममधून गाळून हाती येतात तेच कधीकधी दोन-तीन मिलिग्रॅम.

यंत्रमानव हा हिशेब बदलतो. इंग्लंडमध्ये बनणारं ‘मॉस्किटो’ घ्या. खाचांत द्रावण आधीच भरलेलं असतं. एका रांगेतली सुईसारखी बारीक टोकं 100 नॅनोलिटर प्रथिन शेजारच्या छोट्या कट्ट्यावर ठेवतात आणि त्यावर खाचेतलं तेवढंच द्रावण सोडतात. नॅनोलिटर म्हणजे मिलिलिटरचा दहा लाखावा भाग. इतका थेंब उघड्यावर पाहता पाहता सुकतो, म्हणून भोवती दमट हवा राखतात आणि प्लेट भरताच तिच्यावर पारदर्शक पट्टी चिकटवतात. मग थेंबातलं पाणी वाफेच्या वाटेनं हळूहळू खाचेकडे जातं, प्रथिन दाट होत जातं. एका प्लेटचा खर्च दहावा हिस्सा, म्हणजे त्याच साठ्यात दहापट प्रश्न विचारता येतात. वेग हा वरचा फायदा, खरी कमाई काटकसरीची.

निकाल सूक्ष्मदर्शकाखाली. बरेच थेंब स्वच्छच राहतात, काहींत तपकिरी गाळ बसतो. एखाद्यात लखलखीत सुया दिसतात आणि त्या निव्वळ मिठाच्या निघतात. सुईनं दाबलं की मिठाचा खडा कटकन फुटतो, प्रथिनाचा स्फटिक मऊपणे चुरडतो, कारण त्यात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं.

या खटाटोपाचं मोल कळायला पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पुरे. तिथल्या सी. जी. सुरेश यांनी यॉर्कच्या सहकाऱ्यांसह 1999 मध्ये पेनिसिलिन व्ही ॲसिलेजची रचना प्रसिद्ध केली. नव्या पेनिसिलिनांसाठी लागणारा कच्चा माल काढायला हे विकर उपयोगी पडतं. आज चांगला स्फटिक मिळाला तर तो इंदूरलाही नेता येतो. तिथल्या इंडस-2 वर भाभा अणुसंशोधन केंद्राची खास प्रथिन-स्फटिकांसाठीची किरणवाहिनी आहे.

मात्र यंत्र घेण्याआधी शुद्धीकरणाकडे पाहावं. भेसळ असलेलं प्रथिन 96 खाचांत वाटलं, तर नकारही 96च मिळतात, फक्त लवकर.