भाड्याच्या घरातला आवाज: आधी फट, मग भिंत

लंडनमध्ये जुन्या व्हिक्टोरियन घराचे फ्लॅट पाडलेत, अशा घरांत आपल्यातली अनेक कुटुंबं भाड्यानं राहतात. एका खोलीत मुलीचा जीसीएसईचा अभ्यास, दुसरीत रात्रपाळी करून आलेलं माणूस झोपलेलं, आणि स्वयंपाकघरात मिक्सर. मधली भिंत बहुतेक वेळा लाकडी चौकटीवर प्लास्टरबोर्ड ठोकलेली, आतून पोकळ. मग पैसे कुठे घालायचे?

आवाज दोन वाटांनी येतो. बोलणं, टीव्ही हवेतून. पावलं आणि मिक्सरची थरथर लाकडी जमिनीतून. दोन्हींचे उपाय वेगळे.

हवेतल्या आवाजासाठी आधी दार बघा. रात्री पलीकडच्या खोलीत दिवा लावा, आपल्या खोलीत अंधार करा. जिथून उजेड येतो, तिथून आवाजही येतो. चौकटीला रबरी पट्टी आणि दाराखाली ब्रश लावला की थोडक्या पैशांत फरक पडतो. पण हवा खेळण्यासाठी ठेवलेली जाळी बुजवू नका, आणि अग्निरोधक दाराला घरमालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

नंतर भिंत. इथे वजन कामाला येतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर साधारण ५ ते ६ डेसिबल कमी होतात. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो. भाडेकरूला जमेल ते म्हणजे पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट भिंतीलगत ठेवणं. भिंतीला चिकटवायच्या फोमनं खोलीतला घुमारा कमी होतो, पलीकडे जाणारा आवाज अडत नाही.

जमिनीसाठी गालिच्याखाली जाड फेल्ट, मिक्सरखाली रबरी मॅट. याचा फायदा मुख्यतः खालच्या शेजाऱ्यांना होतो. वरच्यांची पावलं थांबवायची तर गालिचा वरच्या घरातच हवा.

आता नियम. इंग्लंडमध्ये जुलै २००३ पासून घराचे फ्लॅट करताना दोन फ्लॅटमधल्या भिंतीनं किमान ४३ डेसिबल आवाज अडवला पाहिजे. त्याआधी फ्लॅट झालेल्या घराला हा नियम मागे जाऊन लागत नाही. शिवाय १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं ठरवलं की नेहमीच्या राहण्याचा आवाज, भिंत पातळ असली तरी, कायद्यानं उपद्रव ठरत नाही.

म्हणून घर घेण्याआधीच विचारा: फ्लॅट कोणत्या साली झाले? आणि भिंतीत खिळा मारण्याआधी परवानगी लेखी घ्या.