दोन पत्ते आणि एक अंगण

पुण्यात विद्यापीठातून कथकची पदवी घ्यायची तर विद्यार्थिनीला दोन पत्ते सांभाळावे लागतात. एक गणेशखिंडीतला, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या झाडीतल्या ललित कला केंद्राचा. दुसरा गुरूंचा, शहरात कुठेतरी. केंद्राच्या नावापुढे कंसात ‘गुरुकुल’ लिहितात ते यासाठीच. शास्त्र, इतिहास, परीक्षा आवारात. अंगावर चढणारी विद्या गुरूंसमोर. नृत्य-नाट्याच्या शिक्षणाला विद्यापीठात काय सोयी आहेत ते पाहून लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. माझं मन अडकलं ते या दोन पत्त्यांमधल्या व्यवस्थेत.

केंद्र सुरू झालं १९८७ साली. विद्यापीठ १९४९चं, म्हणजे कलांना स्वतःचं दार मिळायला जवळजवळ चार दशकं लागली. पण शहर थांबलं नव्हतं. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्येच ‘नृत्यभारती’ ही कथकची संस्था काढली होती. भरतनाट्यमला हिंदुस्थानी संगीताची साथ देणाऱ्या सुचेता भिडे-चापेकर इथल्याच. इतकी घडलेली घरं आसपास असताना विद्यापीठाने सगळं नव्याने चार भिंतींत उभं करण्याचा हट्ट धरला नाही. हे शहाणपणाचंच झालं.

मात्र गुरूंची चाल आणि विद्यापीठाचं वेळापत्रक यांचा मेळ बसवणं सोपं नाही. सत्र सहा महिन्यांत संपतं, गुणपत्रिका तारखेला लागते. पायांचा तत्कार मात्र तारखेला बसत नाही. परीक्षेत तोडा नाचून दाखवण्याइतकंच महत्त्व पढंतीला असतं. हातावर ताल धरायचा, बोल तोंडाने म्हणायचे आणि तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, नेमकी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणायची. तीनतालाच्या सोळा मात्रा. पाच मात्रांचा तुकडा समेपासून उचलला, एक मात्रा सोडली, पुन्हा पाच, पुन्हा एक, पुन्हा पाच, की सतराव्या मात्रेला, म्हणजे पुढच्या समेवर, शेवटचा ‘धा’ पडतो. झपतालाच्या दहा मात्रांत हेच तीन-तीनच्या तुकड्यांनी साधतं. कागदावर हे गणित शाळकरी मुलगाही सोडवेल. पण लेहऱ्याची धून चालू असताना, लय वाढवलेली असताना, मधल्या रिकाम्या मात्रेत घाई न करता थांबणं ही वेगळीच गोष्ट. ती एक मात्रा पचायला काहींना वर्ष लागतं. कुठल्या रकान्यात तिचे गुण लिहायचे? समोर बसलेल्या जाणत्या परीक्षकाचे कान हेच इथलं खरं मोजमाप, आणि असे कान जपणं ही विद्यापीठाने द्यायची सर्वांत महागडी सोय आहे.

नाटकाचं तंत्र निराळं. तिथे गुरूच्या घरी जाऊन भागत नाही. दहा-बारा जणांना एकत्र धडपडायला जागा लागते. ती जागा म्हणजे केंद्राचा अंगणमंच. बालगंधर्व रंगमंदिरासारखा पडदा नाही, विंगांची ऐट नाही. प्रेक्षक हाताच्या अंतरावर, त्यामुळे खोटा हुंदका लगेच पकडला जातो. आज भूमिका करणारा उद्या दिवे बांधतो, परवा कोणाच्या तरी नाटकासाठी लेव्हल्स ओढतो. सतीश आळेकर १९९६ ते २००९ या काळात केंद्राचे प्रमुख होते. ‘महानिर्वाण’ आणि ‘बेगम बर्वे’चा हा लेखक त्याआधी बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत होता. प्रयोग फसू शकतो हे दोन्हीकडून ठाऊक असलेला माणूस अशा जागी असावा, हे मला फार योग्य वाटतं.

विद्यार्थ्यांना उरलेलं शहर शिकवतं. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेची आरोळी ऐकायची, शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचावर छोटे प्रयोग पाहायचे, डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला मांडी घालून बसायचं. एवढं सगळं दुचाकीच्या टप्प्यात असणं ही चैन महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांना आहे.

आता काळजीचं. २ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रातल्या विद्यार्थ्यांचा एक परीक्षा-प्रयोग बंद पाडला गेला. रामलीलेत काम करणाऱ्या नटांचं पडद्यामागचं बोलणं हा त्याचा विषय. श्रद्धा दुखावल्याची तक्रार झाली, गुन्हा दाखल झाला, विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली; जामीन मिळाला. केंद्राच्या आवारात मोडतोडही झाली. नाटक आवडणं-न आवडणं, त्यावर निषेध नोंदवणं हा प्रेक्षकाचा हक्क आहेच. पण परीक्षेचा प्रयोग मुळात अर्धा कच्चा असतो. तो पाहून शिक्षकाने ‘इथे चुकलास, हे लागट झालंय, पुन्हा लिही’ म्हणायचं असतं. ते म्हणायच्या आत पोलीस आले, तर शिकवणं तिथेच संपतं.

पुण्याला हे नवं नाही. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ भरत नाट्य मंदिरात आलं, एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या नाट्यसंस्थेच्या अध्यक्षांनीच ते थांबवलं. नाटकातली मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये त्यांनी ‘थिएटर अकॅडमी’ काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. आळेकर त्यांच्यातलेच. पण ती मंडळी हौशी असली तरी आपल्या पायांवर उभी होती. एक दार बंद झालं तर दुसरी संस्था काढण्याची धमक आणि मोकळीक त्यांना होती. लातूर-परभणीकडून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला ती नाही. त्याची हजेरी, त्याचे गुण, त्याची पदवी याच एका अंगणात आहे. पुढच्या सत्रात संहिता निवडताना त्याने आधी कशाचा विचार करायचा, हे विद्यापीठाने त्याला स्पष्ट सांगायला हवं, आणि लेखी सांगायला हवं.