जुन्या मोटारीतील पाणी

वर्धा जिल्ह्यात मे महिन्याचे ऊन मोठे कडक असते. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, रस्त्यावरचे डांबर मऊ पडते आणि कडुनिंबाच्या सावलीतही जिवाला चैन पडत नाही. अशा उन्हात अंगणात उभी असलेली जुनी मोटार मुकाट्याने एक नुकसान सोशीत असते. परंतु त्या वेळी ते कोणाच्याही ध्यानात येत नाही. तिच्या काचांभोवती व दारांच्या कडांना बसविलेले रबर तापून ताठर होते, आक्रसते आणि त्याला बारीक भेगा जातात. पुढे पाऊस कोसळू लागला, म्हणजे उन्हाळ्याची ही करणी उघडकीस येते. सकाळी दार उघडावे, तो आतून कुबट वास येतो, पायाखालची सतरंजी ओली लागते आणि समोरची काच आतून धूसर झालेली असते.

अशा मोटारी आता थोड्याच उरल्या आहेत. कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे तयार होणारी ॲम्बॅसडर आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात घडणारी फियाट या एके काळी देशभर दिसणाऱ्या गाड्या होत्या. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. फियाटचे त्यापूर्वीच बंद पडले होते. ज्यांच्या घरी अशी एखादी गाडी जपून ठेवलेली आहे, त्यांना तिच्यात शिरणारे पाणी ही किरकोळ गोष्ट वाटत नाही. सतरंजीखालचा लोखंडी तळपत्रा ओलाव्याने गंजतो आणि काही वर्षांत त्याला आरपार भोके पडतात. त्याहून मोठा धोका काचेचा. पावसाळी रात्री आजारी माणसाला घेऊन आर्वीहून सेवाग्रामच्या रुग्णालयाकडे गाडी निघाली आहे आणि वाटेत समोरची काच आतून धुकटली, तर पुढे चाललेली बैलगाडी चालकाला दिसावी कशी?

मोटारीवर किती पाणी पडते, याचा अंदाज सहसा कोणाला नसतो. ॲम्बॅसडर सुमारे सव्वाचार मीटर लांब व पावणेदोन मीटरांहून थोडी कमी रुंद असते. म्हणजे वरून पाहिल्यास तिने सुमारे ७ चौरस मीटर जागा झाकलेली असते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एखाद्या रात्री ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका गाडीवर साडेतीनशे लिटर पाणी ओतले गेले! वर्धा जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी एक हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा हिशेब पाहिला, म्हणजे गाडीत पाणी कसे शिरले यापेक्षा इतके थोडेच कसे शिरले, याचे नवल वाटू लागते.

परंतु आत दिसणारे सर्वच पाणी पावसाचे असते असे नाही. उन्हाळ्यात मातीचे मडके बाहेरून ओले असते, कारण आतले पाणी त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरते. पितळेच्या तांब्यात गार पाणी भरून ठेवले, तर पावसाळ्यात तोही बाहेरून ओला होतो. मात्र पितळेला छिद्रे नसतात. तांब्यातल्या पाण्यात शाईचे चार थेंब टाकून पाहावे. बाहेर जमणारे थेंब स्वच्छच राहतात. अर्थात ते आतून आलेले नसून भोवतालच्या हवेतून आलेले असतात. मडक्याचा तो पाझर आणि तांब्याचे ते दव. जुन्या मोटारीत या दोन्ही जातींचे पाणी आढळते आणि त्यांतले कोणते हे न ओळखता केलेली दुरुस्ती बहुधा वाया जाते.

ओळख पटविणे अवघड नाही. गाडी आतून पुसून कोरडी करावी, दारे लावून ती रात्रभर ठेवावी आणि त्या रात्री पाऊस नसावा. सकाळी काचांवर व छताच्या आतल्या बाजूस सगळीकडे सारखे बारीक थेंब दिसले, तर ते दव होय. उलट पावसानंतर पाणी एकाच बाजूला दिसले, त्याचा ओघळ किंवा गंजाचा तांबडा डाग दिसला, तर तो पाझर समजावा.

पाझराचे उगमस्थान शोधणे मात्र कसबाचे काम आहे. पाणी जेथे दिसते तेथे ते शिरलेले असतेच असे नाही. कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्यातील मुलांना वातीचा गुण सांगावयास नको. समईतले तेल वातीच्या तंतूंमधून आपोआप वर चढते. त्याच रीतीने सतरंजीखालचा जाड नमदा पाणी शोषून दूरवर नेतो. समोरच्या काचेच्या कोपऱ्यातून उतरलेला थेंब असा प्रवास करून मागच्या आसनापाशी प्रकट होतो आणि घरचे लोक बिचाऱ्या मागच्या दाराला दोष देत बसतात! यासाठी प्रथम सतरंज्या व नमदे काढून तळाशी कोरडी वर्तमानपत्रे पसरावी. मग एकाने विजेरी घेऊन आत बसावे व दुसऱ्याने बाहेरून नळीने हळूहळू पाणी सोडावे. पाणी नेहमी खालून सुरू करून टप्प्याटप्प्याने वर न्यावे आणि प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटे थांबावे. आरंभीच छतावर पाणी ओतले, तर ते सर्व अंगांनी खाली वाहते आणि नेमके कोठून शिरले ते मुळीच कळत नाही. आतले वर्तमानपत्र ज्या क्षणी भिजू लागते, त्या क्षणी नळी जेथे असेल, तेथेच किंवा तिच्या थोडे खाली चोरवाट असते.

दाराच्या रबराची परीक्षा याहूनही सोपी आहे. दार व चौकट यांच्यामध्ये कागदाची पट्टी ठेवून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती अडखळत निघाली तर रबर घट्ट बसते आहे. सहज निसटली तर तेथे फट आहे. ताठरलेले रबर बदलणे हाच खरा उपाय होय. काचेभोवतीचे रबर सुस्थितीत असून केवळ सुटले असेल, तर त्याखाली काच बसविताना वापरतात तो चिकट मसाला भरून घेतात.

येथे एक चूक फार वेळा होते. भोक दिसले की ते बुजवावे, अशी माणसाची ओढ असते. परंतु मोटारीच्या अंगातील काही भोके कारागिरांनी जाणूनबुजून ठेवलेली असतात. सेवाग्रामच्या आश्रमातील बापू कुटी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना यातील तत्त्व चटकन उमगेल. १९३६ साली महात्मा गांधी या गावी राहावयास आले, तेव्हा त्याचे नाव सेगाव होते. तेथील कुट्यांच्या भिंती मातीच्या आणि छपरे कवेलूंची. दोन कवेलूंमधली फट कोणी लांबी भरून बुजवीत नाही. वरच्या कवेलूवरचे पाणी खालच्यावर पडते, उतारावरून पुढे सरकते आणि छपराच्या कडेवरून भिंतीपासून दूर जाऊन गळते. पाण्याला अडविलेले नसते, वाट दिलेली असते. म्हणून मातीची भिंत टिकते. मोटारीच्या दारांतही हीच युक्ती आहे. काच वरखाली होते त्या फटीतून थोडे पाणी दाराच्या पोकळीत उतरणारच. ते निघून जावे म्हणून दाराच्या तळाशी लहान छिद्रे ठेवलेली असतात. अनेक गाड्यांत समोरच्या काचेच्या पायथ्याशीही अशीच मोरी असते. झाडाखाली गाडी उभी केली, की निंबाची पाने आणि चिंचेचा बारीक पाला या छिद्रांत जाऊन बसतो. जी सावली रबराला वाचविते, तीच छिद्रे बुजविते, अशी ही अडचण आहे! मग पाणी आत साठून दाराचा पत्रा आतून कुजतो. पावसाळ्यापूर्वी मऊ काडीने ती छिद्रे मोकळी करावी. काही जण गंज दिसला म्हणून तेथे डांबर फासतात आणि उरलीसुरली वाटही बंद करून टाकतात.

आता दवाकडे वळू. उष्ण हवेत वाफ अधिक मावते, थंड हवेत कमी. एक मीटर लांब, तितकीच रुंद व उंच अशा पेटीतील हवा ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम वाफ सामावून घेते. २० अंशांना ती केवळ १७ ग्रॅमच्या आसपास घेऊ शकते. उरलेल्या वाफेचे थंड पृष्ठावर पाणी होते. पावसाने समोरची काच गार झालेली असते आणि आत बसलेली चार-पाच माणसे श्वास व घाम यांवाटे सतत वाफ सोडीत असतात. दारे घट्ट लावलेली असली, की काच धुकटते. ती हाताने पुसण्याचा मोह होतो. परंतु हाताचा तेलकटपणा काचेला लागून पुढच्या वेळी धुके अधिकच दाट दिसते. त्यापेक्षा समोरासमोरच्या दोन काचा बोटभर खाली कराव्या. आतली दमट हवा बाहेर जाते आणि काच निवळू लागते. काचेला साबणाचा अगदी पातळ हात देऊन ती कोरडी पुसली, तर सुटे थेंब न जमता पाण्याचा सपाट पापुद्रा तयार होतो व त्यातून आरपार दिसते. ज्या गाडीत हवा गार करणारे यंत्र असते, तेथे ते यंत्र हवेतली वाफ काढून घेते आणि ते पाणी नळीवाटे गाडीखाली ठिबकते. हे ठिबकणे रोगाचे नव्हे, आरोग्याचे लक्षण होय. ती नळी तुंबली, म्हणजे मात्र पुढच्या आसनाखाली डबके साचते.

थंडीच्या रात्री मात्र गाडी रिकामी असतानाही ती आतून ओली होते, ती का? उघड्या आकाशाखाली पत्रा व काच फार थंड पडतात, एवढे खरे. पण आत वाफ आली कोठून? बहुधा ती पावसाळ्यात भिजलेल्या नमद्यातूनच आलेली असते. दिवसा उन्हाने नमद्यातील पाण्याची वाफ होते, रात्री तिचे काचेवर दव होते, ते ओघळून पुन्हा नमद्यात मुरते. जुलैत शिरलेला पाझर असा जानेवारीत दव होऊन भेटतो. अशा वेळी काच कितीही पुसली तरी काम होत नाही. नमदा बाहेर काढून ऑक्टोबरच्या उन्हात अनेक दिवस वाळवावा लागतो. वरून कोरडा लागणारा नमदा पोटात ओला असू शकतो. तो हातांनी दाबून पाहावा.

दसऱ्याला वाहने धुऊन, त्यांना झेंडूच्या माळा घालून पूजा करण्याची चाल आहे. त्या दिवशी नळीचा जोराचा फवारा अशा फटींत शिरतो, जेथे पाऊस कधी पोचला नसता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सतरंजीचा कोपरा उचलून खालच्या पत्र्यावर बोट फिरवून पाहावे आणि बोट ओले झाले, तर पुन्हा कोरडी वर्तमानपत्रे पसरून शोध आरंभावा.