आपोआप धरणारा क्लच

यंदाच्या अंकासाठी मी कविता द्यावी असे मित्रांनी सुचविले होते. कविता मला जमत नाही. मला जमते ते गवत कापणे. गेल्या हंगामात गवत कापण्याचे यंत्र दोनदा बिघडवून एकदा दुरुस्त केल्यामुळे त्यातील क्लचविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला मिळाला आहे, असे मी समजतो. यंत्राचे नाव ऐकताच कला शाखेच्या वाचकांनी पान उलटू नये, एवढी विनंती.

आमचे घर वरसे गावात, रोह्याला अगदी लागून. बाबा धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला जातात. घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, तेव्हा फीचा थोडा भार आपण उचलावा असे मनाने घेतले. पावसाळा सरला की वरकस जमिनीवर आणि आंबा-काजूच्या कलमांखाली कंबरभर गवत माजते. काकांचे जुने 52 सीसीचे ग्रास कटर खांद्याला अडकवून सुट्टीच्या दिवशी मी ते कापतो. लांब दांड्याच्या एका टोकाला टू-स्ट्रोक इंजिन, दुसऱ्या टोकाला पाते, आणि इंजिन व दांडा यांच्या मध्ये आमचा हा क्लच.

ज्यांच्या घरी कधी काळी लूना होती त्यांना हा प्रकार नवा नाही. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 साली लूना आणली. तिला ना गिअर, ना क्लच दाबायची मूठ. रेस दिली की गाडी पुढे, रेस सोडली की इंजिन चालू आणि गाडी उभी. (त्याच नावाची विजेवरची गाडी 2024 साली आली. तिला या क्लचची गरजच उरलेली नाही.) लूनात जे तत्त्व होते तेच ग्रास कटरमध्ये आहे.

इंजिनच्या फ्लायव्हीलवर दोन अर्धगोल तुकडे बोल्टने बसवलेले असतात. त्यांना क्लच शू म्हणतात, आपण बूट म्हणू. एक स्प्रिंग दोघांना आत ओढून धरते. बुटांभोवती वाटीसारखा एक ड्रम असतो आणि पात्यापर्यंत जाणारा शाफ्ट त्या ड्रमला जोडलेला असतो. इंजिन हळू चालले तर स्प्रिंग जिंकते, बूट आतच राहतात, ड्रम स्वस्थ. वेग वाढला की जत्रेतल्या साखळीच्या पाळण्यासारखे बूट बाहेर फाकतात, ड्रमला आतून घट्ट धरतात आणि पाते फिरू लागते. शाळेच्या पुस्तकात यालाच केंद्रोत्सारी प्रेरणा असे भारदस्त नाव होते. तेव्हा मी ते दोन मार्कांसाठी पाठ केले होते.

माझ्या यंत्राचे दुखणे असे की ओल्या गवतात पाते अडखळायचे. इंजिन ओरडायचे, पाते रेंगाळायचे, जळका वास सुटायचा. मला वाटले, स्प्रिंग सैल पडली असेल. एका भंगार यंत्रातली जाड तारेची, जवळजवळ दुप्पट ताठ स्प्रिंग मी बसवली. आता इंजिन जोरात आल्यावरच क्लच धरेल आणि पात्याला दणका बसेल, असा माझा तर्क. झाले उलटेच. पाते आणखी रेंगाळू लागले आणि ड्रम तापून निळा पडला.

असे का झाले, ते मला नंतर वहीवर हिशेब मांडल्यावर कळले. आकडे समजण्यापुरते गोल घेतो. इंजिन नुसते चालू असताना मिनिटाला 3000 फेरे, क्लच धरतो 4000 ला, काम चालते 7000 ला. बुटांचा बाहेर पडण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. म्हणजे 4000 ला हा जोर स्प्रिंगच्या ताणाइतका झाला, त्याला एक धरू. 7000 ला तो तीनपट होतो. त्यातला एक भाग स्प्रिंग खाते, उरलेले दोन भाग ड्रमला धरायला मिळतात. स्प्रिंग दुप्पट ताठ केली की ती दोन भाग खाते आणि पकडीला उरतो एकच. ताकद वाढवायला गेलो आणि पकड निम्मी करून बसलो! शिवाय क्लच धरण्याचा वेगही 4000 वरून साडेपाच हजारांच्या पुढे गेला.

पेट्रोल वाचावे म्हणून अर्ध्या रेसवर कापणाऱ्यांचा क्लच लवकर का जळतो, तेही यातच आहे. 5000 फेऱ्यांना पकडीसाठी जेमतेम अर्धा भाग उरतो.

पण त्या वेळी हा हिशेब मला ठाऊक नव्हता. ताठ स्प्रिंग चुकली तर मऊ लावू, म्हणून मी निम्म्या ताणाची स्प्रिंग घातली. पाते झकास चालले. दुपारी रेस सोडून यंत्र तसेच खांद्यावर ठेवून मी घाम पुसत होतो आणि काकू भारे बांधायला पुढे आली. पाते थांबलेच नव्हते. लुगड्याचा काठ त्यात ओढला गेला. मी स्विच बंद केला, काठ टरकन फाटला, काकूच्या पायाला काही झाले नाही. ती एवढेच म्हणाली, "तुझ्या कालेजात लुगडी मिलतात का रे?" त्या रात्री मला जेवण गेले नाही. निम्म्या ताणाची स्प्रिंग सुमारे 2800 लाच क्लच धरू देते. इंजिन तर नुसते उभे असताना 3000 वर चालते. पाते थांबणार कसे?

दुसऱ्या दिवशी यंत्र रोह्यात एका गॅरेजवर नेले. तिथल्या दादांनी स्प्रिंगकडे पाहिलेसुद्धा नाही. ड्रमच्या आत बोट फिरवून माझ्यापुढे धरले. ते तेलकट होते. म्हणाले, "सील गेलंय. तेलावर बूट घसरणार नाही तर काय?" क्रँकचे ऑइल सील गळून बुटांवर तेल येत होते, मूळ दुखणे एवढेच! सील बदलले. ड्रम पेट्रोलने पुसून पॉलिश पेपरने आतून घासला, तेव्हा त्याची काचेसारखी चकाकी गेली. बूट जळले होते म्हणून दोन्ही नवे घातले. एकच बदलला तर वजनात फरक पडून यंत्र थरथरते. स्प्रिंग त्याच यंत्राची, त्याच मापाची. बुटांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो मी उलटा लावत होतो, तेवढे दादांनी हात धरून सुधारले.

शेवटी कार्बोरेटरचा आयडलचा स्क्रू. रेस पूर्ण सोडल्यावर इंजिन बंद न पडता पाते निश्चल राहील, इथवर तो फिरवायचा. पाते तरीही फिरत असेल तर स्विच बंद करून, प्लगची टोपी काढून क्लच उघडायचा. स्प्रिंग ताणलेली किंवा तुटलेली निघते. आता मी दर रविवारी बांधावर जाण्याआधी अंगणात ही परीक्षा घेतो. काकू ओट्यावरून पाहत असते आणि पाते थांबल्याशिवाय खाली उतरत नाही.