धुके, धूर आणि वाफ

कोल्हापूरहून पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटर गेले की सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले गगनबावडा लागते. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट येथूनच खाली कोकणात उतरतात. पावसाळ्यात या गावावर जणू ढगच मुक्कामाला येतात. दहा पावलांवरचे घर दिसेनासे होते. गगनगडाचा तर मागमूसही उरत नाही. शाळेला निघालेल्या मुलांच्या केसांवर पाण्याचे बारीक कण जमतात. मुले त्या धुक्यात मनसोक्त श्वास घेतात आणि त्यापासून त्यांना काही अपाय होत नाही. कारण ते निव्वळ पाणी असते.

धुके म्हणजे वाफ, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. चुलीवर पाणी उकळत असता किटलीच्या तोटीकडे नीट पाहावे. तोटीला अगदी लागून थोडी जागा मोकळी दिसते. खरी वाफ तेथे असते. ती पुढे येऊन थंड हवेला भिडली की तिचे असंख्य सूक्ष्म थेंब बनतात आणि मग पांढरा लोट दिसू लागतो. सारांश, आपल्याला दिसतो तो लोट हवेत तरंगणाऱ्या थेंबांचा असतो. आणि थेंब म्हटला की तो कशाचा आहे, हे विचारणे आलेच.

गेल्या काही वर्षांत असाच एक पांढरा लोट काही माणसांच्या तोंडातून निघताना दिसू लागला आहे. तो विजेवर चालणाऱ्या सिगारेटचा असतो. तिला 'ई-सिगारेट' किंवा 'व्हेप' असे म्हणतात. ती ओढणारा मोठ्या विश्वासाने सांगतो, "हा धूर नव्हे, ही तर नुसती वाफ आहे." हे म्हणणे कितपत खरे आहे, हे पाहण्यासारखे आहे.

ई-सिगारेट कधी लेखणीच्या आकाराची, तर कधी रंगीत डबीसारखी असते. तिच्यात एक लहानशी बॅटरी, तारेचे एक वेटोळे आणि थोडासा द्रव असतो. हा द्रव ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि फळांच्या किंवा मिठाईच्या वासाची द्रव्ये मिसळून केलेला असतो. आणि बहुधा त्यात निकोटीनही असते. ओढणाऱ्याने श्वास आत घेतला की वेटोळे तापते, द्रवाची वाफ होते आणि ती लगेच थंड होऊन तिचे थेंब बनतात. हे थेंब एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. गगनबावड्याच्या धुक्यातील थेंब त्यांच्यापुढे कितीतरी मोठे ठरतील. इतके लहान असल्यामुळेच ते फुप्फुसांच्या अगदी तळापर्यंत पोहोचतात. म्हणजे ज्याला वाफ म्हणतात ते एक प्रकारचे धुकेच होय. मात्र ते पाण्याचे नसते.

त्यातील निकोटीन हा तंबाखूच्या पानातील पदार्थ आहे. फ्रान्सचा पोर्तुगालमधील वकील जाँ निको याने १५६० मध्ये तंबाखू फ्रान्सच्या दरबारी पाठविली. त्याच्या नावावरून या पदार्थाला हे नाव मिळाले. १८२८ मध्ये दोन जर्मन शास्त्रज्ञांनी तो पानातून वेगळा काढला. श्वासावाटे घेतलेले निकोटीन काही सेकंदांतच मेंदूत पोहोचते. तेथे ते क्षणभर सुखाची जाणीव निर्माण करते. पुढे मेंदूला त्याची सवय जडते. ते मिळाले नाही की माणूस बेचैन होतो, चिडतो, त्याचे चित्त कामात लागत नाही. ही बेचैनी घालविण्यासाठी तो पुन्हा त्याच गोष्टीकडे वळतो. व्यसन म्हणतात ते हेच. मेंदूची वाढ विशी उलटून गेल्यावरही काही वर्षे चालू असते. साहजिकच वाढत्या वयात ही सवय लवकर जडते आणि सोडविणे अधिक कठीण जाते.

तंबाखू मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांबरोबर ती हिंदुस्थानात आली. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा सरदार असद बेग विजापूरच्या दरबारी गेला होता. तेथे त्याने तंबाखू पाहिली. परतताना त्याने ती आणि रत्नांनी मढविलेली एक नळी बादशहासाठी बरोबर नेली. अकबराने तिचे दोनचार झुरके घेतले. दरबारच्या हकिमाने हरकत घेतली, कारण या वस्तूची माहिती वैद्यकाच्या ग्रंथांत कोठेच नव्हती. यावर असद बेगाने उत्तर दिले की, युरोपातील शहाणी माणसे ती वापरतात, तेव्हा ती वाईट कशी असेल? बादशहाने स्वतः ती सवय लावून घेतली नाही. परंतु दरबारी मंडळींनी उचलली. १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूला मनाई केली, पण तोपर्यंत ती सर्वत्र पसरली होती आणि मनाईचा उपयोग झाला नाही. प्रतिष्ठित लोक एखादी गोष्ट करतात, म्हणून ती निर्दोष मानण्याची चूक तेव्हापासूनची आहे.

त्यानंतर तंबाखूने वेळोवेळी नवा पोशाख चढविला. हुक्का आला तेव्हा, पाण्यातून गाळला गेल्याने धूर निर्मळ होतो, असे लोक समजू लागले. ते खरे नव्हते. १९५० मध्ये इंग्लंडमधील डॉल आणि हिल या संशोधकांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. त्याच दशकात गाळणी लावलेल्या सिगारेटींचा बोलबाला झाला. पुढे 'सौम्य' म्हणविणाऱ्या सिगारेटीही निघाल्या. या सुधारणांमुळे रोगांपासून खरे संरक्षण मिळाले नाही, असे पुढील संशोधनात आढळून आले.

धूर नसला की अपाय नसतो, या समजुतीची परीक्षा तर महाराष्ट्राने स्वतःच घेतलेली आहे. विडी ओढणे ज्या घरांत लज्जास्पद मानले जाई, अशा अनेक घरांत स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावीत. ती दात घासण्याची पूड समजली जाई. तिला कोणी व्यसन म्हणत नसे. २०१६-१७ मध्ये झालेल्या पाहणीत असे दिसले की, महाराष्ट्रातील दर शंभर प्रौढांपैकी चारहून कमी माणसे धूम्रपान करीत होती. परंतु सुमारे चोवीस माणसे मिश्री, जर्दा, खैनी अशा धूर नसलेल्या तंबाखूचे सेवन करीत होती. या तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो, हे आज सिद्ध झाले आहे. समाजाने एखादी गोष्ट चालवून घेतली, म्हणून शरीर ती चालवून घेत नाही.

ई-सिगारेटचा जन्म मात्र एका चांगल्या हेतूतून झाला. २००३ मध्ये होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने तिचे आजचे रूप सिद्ध केले. तो स्वतः सिगारेट ओढत असे आणि त्याच्या वडिलांचा मृत्यू फुप्फुसाच्या कर्करोगाने झाला होता. तंबाखू जळते तेव्हा तिच्या धुरात हजारो रासायनिक पदार्थ तयार होतात आणि त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगाला कारण ठरतात. ई-सिगारेटमध्ये जळण्याची क्रिया होत नाही; त्यामुळे यांतील पुष्कळ पदार्थ तिच्यात नसतात किंवा फार थोडे असतात. म्हणूनच ब्रिटनमधील सार्वजनिक आरोग्याच्या अधिकाऱ्यांनी २०१५ मध्ये असे मत दिले की, ती सिगारेटहून पुष्कळ कमी अपायकारक आहे. सिगारेट सुटत नसलेल्या प्रौढांना तेथे तिचा सल्लाही दिला जातो.

परंतु कमी अपाय आणि निरपाय यांत मोठे अंतर आहे. 'आगीतून निघून फुफाट्यात पडणे' अशी एक म्हण मराठीत आहे. फुफाटा आगीइतका दाहक नसतो, हे खरे. आगीत उभ्या असलेल्याला तो कदाचित बरा वाटेल. पण झाडाच्या सावलीत उभ्या असलेल्याने त्यात पाय का घालावा? जो कधीच सिगारेट ओढत नव्हता, त्याच्या दृष्टीने ई-सिगारेट हा पर्याय नसून नव्या व्यसनाचा आरंभ होय. द्रव फार तापला तर त्यातून फॉर्माल्डिहाइडसारखे विषारी पदार्थ निर्माण होतात. तारेतील धातूंचे सूक्ष्म कणही श्वासात जाऊ शकतात. अनेक वर्षे ती ओढल्यास काय होईल, हे पूर्णपणे कळण्याइतका काळही अजून लोटलेला नाही.

अमेरिकेत याचा अनुभव आला. तेथे सुवासिक ई-सिगारेटी शाळांतून पसरल्या. पूर्वी कधी धूम्रपान न केलेली मुले त्यांच्या आहारी गेली. २०१८ मध्ये तेथील आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्याने या प्रकाराला साथ म्हणून घोषित केले. पुढल्याच वर्षी फुप्फुसांच्या एका तीव्र विकाराने तेथे हाहाकार उडविला. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण मरण पावले. त्यांतील बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेला द्रव ओढला होता आणि त्यात मिसळलेला एक तेलकट पदार्थ मुख्यतः घातक ठरला. डबीतल्या द्रवात काय आहे, हे ओढणाऱ्यांना ठाऊकच नव्हते. ज्या ब्रिटनने प्रौढांना ही वस्तू सुचविली, त्यानेही २०२५ च्या जूनमध्ये, एकदा वापरून फेकून द्यावयाच्या ई-सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली. मुलांच्या हाती त्या फार सहज पडत होत्या.

भारताने निराळा मार्ग पत्करला. १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. त्यानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात हे सर्व गुन्हे ठरले. पहिल्या गुन्ह्यासाठी विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विडी आणि सिगारेट दुकानात मिळत असता केवळ हीच वस्तू निषिद्ध का, असा प्रश्न काही लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर कोल्हापूरजवळच्या निपाणीत मिळते. विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध असलेल्या या भागात पिढ्यान्पिढ्या शेतकऱ्यांचे आणि विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे पोट या पिकावर अवलंबून राहिले. १९८१ मध्ये रास्त भावासाठी तेथील शेतकऱ्यांनी मोठे आंदोलनही केले. चारशे वर्षांत तंबाखूची मुळे घराघरांत इतकी खोल गेली आहेत. ओल्या मातीतले रोपटे दोन बोटांनी उपटता येते. त्याचा वृक्ष झाल्यावर कुऱ्हाडही थकते. ई-सिगारेट अजून रोपट्याच्या अवस्थेत आहे.

तथापि कायदा सर्वत्र पोहोचू शकत नाही. चोरून आणलेली रंगीत डबी एखाद्या दिवशी एखाद्या मुलासमोर येईलच. ती पुढे करणारा बहुधा परका नसेल. ओळखीचाच, वयाने थोडा मोठा मुलगा असेल. तो म्हणेल, "यात तंबाखू नाही, वास बघ किती छान आहे. आता सगळेच ओढतात." त्या वेळी मुलाला फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. अकबराच्या दरबारात मागे पडला, तो साधा प्रश्न त्याला आठवला म्हणजे पुरे: सगळे ओढतात हे ठीक, पण या थेंबांत आहे काय? आणि ज्याच्या घरी कोणी या सवयीत अडकले असेल, त्याने त्या माणसाचा तिरस्कार करू नये. व्यसन सोडू इच्छिणाऱ्याला डॉक्टरांचे साहाय्य मिळते आणि घरच्यांचा धीर तर फारच मोलाचा ठरतो.

गगनबावड्याच्या घाटात धुके दाटले की अनुभवी चालक गाडीचा वेग कमी करतो आणि समोरचा रस्ता खरोखर दिसल्यावाचून पुढे जात नाही. पुढची गाडी गेली, म्हणून आपणही जावे, असे तो मानीत नाही. कारण कड्याची धार धुक्यात झाकलेली असते, नाहीशी झालेली नसते.